पौषात बांधलेली कणसं

गेटच्या कुलपाची किल्ली माझ्या करदोट्याला असते. दिवसभर ती पोटाला टोचते. वाकलं की टोचते, कणीक मळताना तर हमखास टोचते, आणि दर वेळी मी मनातल्या मनात एक शिवी हासडतो. शिवी कुणाला, ते मलाही नीट माहीत नाही. कुलूप आईसाठी आहे, पण कुलूप काही माणूस बघून बंद होत नाही, त्यामुळं ती आत तसा मीही आत. दुसरी किल्ली सुरेखाकडं, म्हणजे माझ्या बायकोकडं असते. ती सकाळच्या एसटीला जाताना बाहेरून कुलूप घालते आणि संध्याकाळी येऊन काढते.

आज सकाळी कॅमेरा घ्यायला गेलो तर पट्ट्यात अडकून गोफणही खाली आली. दोन्ही एकाच खुंटीला टांगलेली असतात. आईची गोफण ती. अंबाडीच्या वाखाची वळलेली, मधे दगड ठेवायची विणलेली झोळी, एका टोकाला बोटात अडकवायचा फासा. फासा बोटात घालून पाहिला, बसला नाही. आईची बोटं बारीक. मग उगाच नाकाशी नेली. इतकी वर्षं झाली तरी तिला वास आहे. मातीचा, घामाचा, आणि कुठंतरी आत कोवळ्या ज्वारीच्या पानाचा गोडसर वास. तो कदाचित मीच मनानं घालत असेन. घालू द्या, कुणाच्या बापाचं काय जातं?

आमचं घर गेवराईत, हायवेच्या अलीकडं. चोवीस तास ट्रकांची घरघर, आणि थंडीच्या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरवरची ती ढणाढणा वाजणारी गाणी. घरामागं थोडी मोकळी जागा आहे, तिला आम्ही परस म्हणतो. एक शेवगा, एक डाळिंब, कढीपत्ता, धुण्याचा दगड, आणि कंपाउंडपलीकडं शेजारच्या नामदेवची पाण्याची टाकी. माझं जग सध्या एवढंच आहे. एकेकाळी मी लग्नाचे फोटो काढायचो. सगळ्या तालुक्यात माझ्या कॅमेऱ्यापुढं न लाजलेली नवरी नसेल. बाजारात स्टुडिओ होता, आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. ते कसं झालं हे सांगत बसलो तर दिवस मावळेल.

सुरेखा शिरूर कासारकडच्या एका शाळेवर शिकवते. ती गेली की घर माझ्या अंगावर येतं. आईचं तोंड धुवायचं, चहात बटर बुडवून भरवायचं, केस विंचरायचे. वेणी मला आता झकास येते, सांगायला लाज कसली? पदराला टाचणी लावायलाही येते, नवऱ्यांचे पदर सारखे करता करता हात बसलाय. भाकरी मात्र जमत नाही. माझ्या भाकरीला कडा नसतात, नुसते कोपरे असतात. आई ती हातात घेऊन उलटसुलट करून बघते आणि म्हणते, "ही कुण्या गड्यानं केली रे?"

मी तो गडी. आईच्या डोक्यातून नावं गेली. आधी शेजारणींची गेली, मग नात्यातल्यांची, मग बाबांचं, आणि एके दिवशी माझं. मला ती 'पोरा' म्हणते, कधी 'बाबा' म्हणते, कधी नुसतं 'ए' म्हणते. पहिल्यांदा वाईट वाटलं, लई वाटलं. मोरीत जाऊन नळ सोडून रडलोसुद्धा. आता सवय झालीय असं मी लोकांना सांगतो.

कुलूप लागलं ते दिवाळीनंतर. सुरेखा शाळेला गेली होती, मी अंघोळीला गेलतो. बाहेर येतो तर बाज रिकामी, गेट उघडं, आणि खुंटीवर गोफण नाही. ओल्या अंगावर शर्ट चढवून पळालो. नामदेव एका अंगाला गेला, मी हायवेला. ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा एक ट्रॅक्टर चहाच्या टपरीपाशी उभा होता, सगळा संसार ट्रॉलीत, वर बांधलेल्या कोंबड्या. त्याच्या सावलीत आई बसलेली, कंबरेला गोफण गुंडाळलेली, हातात कुणीतरी दिलेला चहा. एका बाईनं तिला धरून ठेवलं होतं. ती म्हणाली, "रस्ता वलांडायला निघाल्या होत्या, भाऊ. मला म्हणल्या, सोड बाई, वावर उघडं हाय, पाखरं येतील. आमच्या मायवानीच वाटल्या, म्हणून बसवलं." मी त्या बाईला धड हातही जोडले नाहीत, आईचं मनगट तेवढं घट्ट धरलं. ट्रॅक्टर निघून गेला. संध्याकाळी कुलूप आणलं.

ते वावर आता आमचं नाही. शिरूर कासारच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला होतं. काळी जमीन थोडी आणि मुरूमच जास्त, पण रब्बीची ज्वारी अशी यायची की माणूस आत शिरला की दिसेनासा व्हायचा. दिवाळी सरली की पाऊल ठेवायला थंड वाटायचं. मार्गशीर्षात पोटरी फुटायची, पौषात दाण्यात दूध भरायचं, आणि मग पाखरं. आभाळाच्या कडेला आधी धूर दिसावा तसं काहीतरी हलायचं, वळायचं, परत वळायचं, आणि बघता बघता सगळा थवा कणसांवर बसायचा. भोरड्या. कुठल्या मुलुखातून यायच्या कोण जाणे. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि बसल्या की सगळ्या एकदम बोलायला लागायच्या, नुसता कलकलाट.

वावराच्या मधोमध माळा होता. चार मेढी, वर बाभळीच्या फांद्या, त्यावर कडबा, आणि चढायला एक वाकडी शिडी. माळ्यावर आई उभी. पदर खोचलेला, डोक्याला फडकं, उजव्या हातात गोफण. ती गोफण डोक्याभोवती फिरवायची, एक, दोन, आणि तिसऱ्या फेऱ्याला सोडायची. फट्ट असा आवाज सगळ्या शिवारात जायचा. दगड कधीच पाखरांवर जायचा नाही, त्यांच्या अंगावरून हातभर बाजूनं जायचा. मी एकदा नेम धरून एक होला पाडला, तर तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी माळ्यावरून पडता पडता राहिलो. "उठवायचं आस्तं रे मुडद्या, मारायचं न्हाई," म्हणाली. होला मेला नव्हता. तिनं त्याला ओंजळीत घेऊन पाणी पाजलं आणि सोडून दिलं.

आणि तिची ती हाळी! "हाऽऽऽ हुर्रर्र! हाऽऽऽ!" पोटातून काढलेली, शेवटाला वर चढणारी. ती गेली की पलीकडच्या माळ्यावरून उत्तर यायचं, मग त्याच्या पलीकडून. माणूस दिसायचं नाही एकही. सगळीकडं नुसती ज्वारी, आणि ज्वारीच्या वर फिरणारे हे आवाज. कोण राखणीला आहे, कुणाला झोप लागलीय, कुणाचा घसा बसलाय, सगळं आवाजावरून कळायचं. एखाद्या माळ्यावरून उत्तर आलं नाही तर आई अस्वस्थ व्हायची. पुन्हा हाळी द्यायची. येईपर्यंत देत राहायची.

दुपारी ती घरी जायची, भाकरी करायला. मग माळ्यावर मी एकटा, हातात पत्र्याचा डबा आणि काठी. खाली गावातली पोरं ओढ्यात खेळायची, त्यांचं हसणं वर ऐकू यायचं, आणि मी तिथं टांगलेला. उतरायचं नाही हा नियम होता. पाखरं चाणाक्ष असतात, माणूस उतरला की त्यांना कळतं. ऊन डोक्यावर यायचं, पानांवरचा चिकटा वाऱ्याबरोबर ओठांना लागायचा, गोड लागायचा, कडब्याखाली मुंग्या चावायच्या. मला त्या माळ्याचा इतका राग यायचा की मोठा झाल्यावर आपण तो पेटवून द्यायचा असं मी ठरवलं होतं. मग ज्वारीच्या आतून आईचा आवाज यायचा. ती मला दिसायची नाही, मी तिला दिसायचो नाही.

"कोण हाय रे माळ्यावर?"

"मीच हाय!"

"मग उतरू नको. म्या आलेच."

आणि थोड्या वेळानं कणसं हलायला लागायची, एक ओळ हलत हलत माळ्याकडं यायची, आणि शेवटी तिच्या डोक्यावरची भाकरीची टोपली दिसायची. तो आनंद मला पुन्हा कुठल्याही गोष्टीनं दिला नाही. ना स्टुडिओच्या पाटीनं, ना पहिल्या कॅमेऱ्यानं. संध्याकाळी आगटी पेटायची, कोवळी कणसं त्यात भाजायची, आणि आई तळहातावर चोळून, फुंकर मारून गरम हिरवा हुरडा माझ्या हातावर ठेवायची. लसणाची चटणी, धुराचा वास, आणि थंडी पाठीला अशी झोंबायची की पुढून भाजायचं आणि मागून गारठायचं.

असो. मी कुलपाचं सांगत होतो.

कुलूप लागल्यावर माझे पहिले दिवस फार वाईट गेले. स्टुडिओ गेला तेव्हा निदान रस्त्यावर तरी फिरता येत होतं. आता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि नळाला पाणी आलं का बघायचं. एके दिवशी वैतागून कॅमेरा काढला, बुरशी आलीय का बघायला. परसात एक थिरथिरा आला होता. काळसर अंग, तांबूस पोट, धुण्याच्या दगडावर बसून शेपूट थरथर हलवत होता. काढला फोटो. बरा आला. थिरथिरा फक्त थंडीपुरता येतो आणि ऊन तापायच्या आत निघून जातो. मला त्याचा हेवा वाटला, सरळ सांगतो. तो जातो.

मग नाद लागला. शेवग्याच्या फांदीला करवंट्या बांधल्या, त्यात तांदळाची कणी. जुन्या परातीत पाणी. चिमण्या आल्या, बुलबुल आले, होले आले. साळुंकी यायची ती लग्नातल्या मावशीसारखी, आधी सगळ्यांना दटावून मग खाणार. उजेड सकाळी नामदेवच्या टाकीवरून तिरपा येतो, तो करवंटीवर पडतो तेव्हाच फोटो घ्यायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, एक डोळा कॅमेऱ्यात आणि एक कान दुधावर. दूध तरीही उतू जायचंच. नामदेव कंपाउंडवरून डोकं काढून म्हणायचा, "काय बे, नवऱ्या संपल्या का? आता चिमण्यांना म्हण, थोडं हसा म्हणून!"

"तू हस बे आधी. तुझा काढतो, कावळ्यांच्या फोटोत बसवतो," मी म्हणायचो.

पौष लागला तेव्हा सुरेखानं शाळेतल्या एका पोराच्या घरून मागच्या सुगीतली मालदांडी ज्वारीची कणसं आणली, चांगली ओंजळीत न मावणारी जुडी. मी ती सुतळीनं बांधून परसात आईच्या बाजेसमोर टांगली. फोटोला करवंटीपेक्षा कणीस कितीतरी छान दिसतं. दुसऱ्या सकाळी मुनियांचा सगळा गोतावळा आला. इवल्याशा, तपकिरी, एका कणसाला सात-आठ लोंबकळलेल्या. उजेड बरोबर. श्वास रोखला. बटणावर बोट ठेवलं.

"हाऽऽऽ हुर्रर्र! हाऽऽऽ!"

माझ्या हातून कॅमेरा पडता पडता वाचला. बाजेवर आई उठून बसली होती. वाकळ खाली पडलेली, उजवा हात डोक्यावर फिरत होता, गोफण नसलेला. फोटोत नुसते पुसट पंख आले.

मी बाहेर जाऊन म्हटलं, "अगं आई, त्यांच्यासाठीच बांधलीत कणसं. खाऊ दे की."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसा मी कुणी येडाच आहे. "कावून बांधली? खळं झालं न्हाई अजून. उभ्या पिकात पाखरांना वाटा देतेत का कुठं?"

आता कळलं. आमच्याकडं पाखरांचा वाटा असतोच. पण तो खळं झाल्यावर. ज्वारी मळून, रास घरात आली की पहिल्या कणसांची एक जुडी आई वळचणीला बांधायची, खास चिमण्यांसाठी. ती तिच्या हातानंच बांधायची आणि म्हणायची, "खा आता. वर्षभर शिव्या दिल्या तुमाला." त्या दिवसापासून गोफण खुंटीला. पौषात कणीस दिसलं म्हणजे पीक उभं आहे, आणि पीक उभं आहे म्हणजे राखण. मी शेतकऱ्याचं पोर, आणि मी पौषात कणसं बांधली. उजेड चांगला होता म्हणून.

त्यानंतर रोज हेच. मी टपून बसायचो, पाखरं यायची, आणि अगदी बटण दाबायच्या वेळेला हाळी. एकदा कॅमेरा ठेवून ओरडलो तिच्यावर, "गप बस ना गं जरा!" ती गप बसली नाहीच, उलट मलाच म्हणाली, "तू कशाला झोपा काढतू? डबा वाजीव!"

त्या संध्याकाळी मी सुरेखाला सांगितलं, "उद्यापासून आईची बाज पुढच्या खोलीत टाकतो. इथं थंडीही वाजते तिला."

सुरेखा वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "थंडीचं निमित्त नका सांगू. कणसं काढायची तर काढा, पण त्यांना आत नका ढकलू. दिवसभरात तेवढंच बोलतेत त्या. बाकी सगळं विसरल्या, मला विसरल्या, तुम्हाला विसरल्या. ही हाळी तेवढी ऱ्हायलीय. तीबी बंद झाली तर मग काय करणार आहात तुम्ही त्या फोटोंचं?"

बाज परसातच राहिली, कणसंही राहिली. आणि हळूहळू मला त्या हाळीची सवय लागली. कुकर लावताना, कपडे वाळत घालताना कान तिकडंच असायचे. हाळी आली की वाटायचं, आहे, आई आहे. एवढ्या मोठ्या बाईची एवढीच गोष्ट शिल्लक होती, आणि मला ती हवी होती. फोटो नाही तर नाही. अर्थात फोटोही पाहिजेच होते, मी काही साधू नाही.

पौष सरता सरता आईला खोकला झाला. मग ताप. डॉक्टर म्हणाले गार वाऱ्यात बसवू नका, तेव्हा मात्र बाज खरंच पुढच्या खोलीत गेली. वाफ, काढा, छातीला गरम तेल, आणि पेजेचा एक एक चमचा. तिची छाती आतून घरघरायची आणि बाहेरचे ट्रक घरघरायचे. कुठली घरघर कुणाची ते मी अंधारात ऐकत पडायचो. परसात आता चिडीचूप. पाखरं निवांत आली, निवांत खाऊन गेली. फोटो झकास निघाले. मुनिया, सुगरणी, एकाच कणसावर खार आणि बुलबुल समोरासमोर. नामदेवनं बघून चक्क शाबासकी दिली. मला एकही फोटो पुन्हा उघडून बघावासा वाटला नाही.

ताप उतरला, आणि माघातल्या एका उबदार सकाळी मी आईला उचलून परसात आणलं. उचलली तेव्हा दचकलोच, कडब्याच्या पेंढीइतकीच राहिली होती. वेणी घातली, वाकळ गुंडाळली, बाजेवर उशांना टेकवून बसवलं. कणसांची नवी जुडी समोर होती. चिमण्या उतरल्या. मी कॅमेरा न घेताच दारात उभा राहिलो.

आई बघत होती. चिमण्या खात होत्या. आई बघत होती.

म्हटलं, थकलीय, उद्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी साळुंकी तिच्या बाजेच्या काठावर येऊन बसली, तरी काही नाही. मी वाकून विचारलं, "आई, खळं झालं का गं?" म्हटलं, कदाचित तिच्या मनात सुगी झाली असेल, वाटा बांधला असेल. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. डोळ्यांत काहीच नव्हतं. सुरेखा रोज संध्याकाळी कुलूप काढता काढताच विचारायची, "वरडल्या का?" आणि मी मान हलवायचो. मला भीती वाटत होती. मला वाटलं, ती गेली, आणि मी कुलूप लावून कुणाला सांभाळत बसलोय?

आणि आज सकाळी भोरड्या आल्या.

इतक्या वर्षांत घराजवळ कधी आल्या नव्हत्या. शिवारात ज्वारीच कमी झालीय, सगळीकडं ऊस आणि कापूस, बिचाऱ्या जातील कुठं? आधी नामदेवच्या टाकीवर बसल्या, मग शेवग्यावर, मग सगळ्या एकदम कणसांवर. तोच कलकलाट. गुलाबी रंग अजून मळकट होता. एक बाजेच्या खुरावर, एक आईच्या पायाशी, आणि दाण्याचं भूस तिच्या मांडीवर पडत होतं. उजेड असा पडला होता की काय सांगू. अख्ख्या धंद्यात मला असा फोटो मिळाला नव्हता. मी खिडकीत होतो, हातात कॅमेरा.

फोटो काढला नाही असं सांगितलं असतं तर छान दिसलं असतं. पण काढले. दोन काढले. मग मागच्या काचेवर मोठा करून बघितला. पाखरू न् पाखरू लख्ख, पंखाची रेघ न् रेघ. आणि मधे आईचा चेहरा. उत्तर न आलेल्या माळ्यासारखा.

कॅमेरा ओट्यावर ठेवला. गोफण घेतली. फासा बोटात बसेना तेव्हा मुठीत धरला आणि परसात गेलो.

"हाऽऽ..."

आवाजच फुटला नाही. पंचेचाळिशीला आलेला बाप्या मी, परसात उभा राहून घसा खाकरत होतो. भोरड्यांनी एक उडी मारली आणि परत खायला लागल्या. कंपाउंडवरून नामदेवचं डोकं आलं. "काय झालं बे?"

मी त्याच्याकडं बघितलं नाही. धुण्याच्या दगडावर चढलो. रिकामी गोफण डोक्याभोवती फिरवली, एक, दोन, आणि तिसऱ्याला हिसका दिला. फट्ट. आणि पोटाच्या देठापासून ओरडलो, जसं ती ओरडायची, शेवटाला वर चढवत.

"हाऽऽऽ हुर्रर्र! हाऽऽऽ!"

सगळा थवा उठला. परसावर एक सावली सर्रकन फिरली आणि गेली. कणसं नुसती हलत राहिली. हायवेवर एक ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला. मी थांबलो. पुन्हा हाळी दिली. पुन्हा थांबलो. डोळे भरून आले आणि समोरचं काही दिसेना. तरी परत दिली. उत्तर येईपर्यंत द्यायची असते.

मागून, बाजेवरून, अगदी बारीक आवाज आला.

"कोण हाय रे माळ्यावर?"

मी वळलो नाही. वळलो असतो तर तिला मी दिसलो असतो, आणि मग पुन्हा मी कुणीतरी गडी झालो असतो.

"मीच हाय," म्हटलं.

वाकळ सरकल्याचा आवाज झाला.

"मग उतरू नको," आई म्हणाली. "म्या आलेच."

किल्ली पोटाला टोचत होती. आत कुकरची शिट्टी झाली, मग आणखी एक. मी दगडावर तसाच उभा राहिलो.